टोपी हातात घेतलेला माणूस

आमच्या प्रयोगशाळेत फोन आत नेता येत नाही. दाराशी लोखंडी खणांचं कपाट आहे. त्यात फोन ठेवायचा, पांढरा कोट चढवायचा आणि मग आत जायचं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खण उघडला तर सुजाताचे, म्हणजे माझ्या बायकोचे, बरेच फोन येऊन गेले होते आणि शेवटी एक निरोप होता : 'शरयूताई गेल्या. सावकाश या.' तिनं 'लवकर या' असं लिहिलं नव्हतं. घाई करण्यासारखं आता काही उरलं नाही, एवढं सगळं त्या दोन शब्दांत आलं होतं... मी पुन्हा आत गेलो, चालू असलेली तपासणी सहकाऱ्याच्या हवाली केली, कुठपर्यंत झाली आहे ते नोंदवून खाली सही केली आणि मगच निघालो. कुणाला हे कोरडं वाटेल, पण शरयूताईंनी हेच केलं असतं. अर्धवट काम टाकून धावत सुटलेला माणूस त्यांना आवडत नसे, मग कारण काही का असेना.

त्याला आता दीड महिना होत आला. मी लेखक नाही. औषधाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करतो, आणि जे मोजता येतं तेवढंच लिहायची सवय मला आहे. तरीही हे लिहितो आहे, कारण शरयूताईंनी आयुष्याच्या अखेरीला जे एक काम तडीला नेलं ते आमच्या शहरात हजारो माणसं पाहतील, पण ते कुणाचं आहे हे तिथं लिहिलेलं नाही. लिहू नका असं त्यांनीच सांगितलं होतं. फलकावर लिहू नका असं सांगितलं होतं, वर्तमानपत्राबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या. ही पळवाट आहे हे मला माहीत आहे.

काचीगुड्याला स्टेशनच्या मागच्या गल्लीत आमची इमारत आहे. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं आहेत, एक आमचं आणि एक त्यांचं. त्या आणि त्यांचे धाकटे भाऊ दिगंबरराव अशी दोघंच तिथं राहत. ताईंनी लग्न केलं नव्हतं. दिगंबररावांची बायको लवकर गेली. घराणं पिढ्यान् पिढ्या हैदराबादचं, आजोबा निजामाच्या महसूल खात्यातले, वडील वकील. आम्ही हिंगोलीकडचे, नोकरीसाठी इथं आलेलो. आम्ही सामान वर चढवत होतो तेव्हा ताई दार उघडून जिन्याच्या कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या. हमालांच्या हातात कपाट होतं, सुजाताच्या हातात कापडात गुंडाळलेली बुद्धाची मूर्ती. ह्याआधीच्या दोन घरांत ती मूर्ती पाहिल्यावर शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते आम्ही पाहिलेलं होतं, त्यामुळे सुजाता जरा आक्रसूनच वर येत होती. ताईंनी मूर्ती पाहिली, हमालांना म्हणाल्या, "जरा थांबा, आधी त्यांना जाऊ द्या आत," आणि सुजाताला म्हणाल्या, "पूर्वेकडच्या भिंतीला ठेवू नका हं, ती भिंत ओल धरते. मूर्ती पितळेची आहे ना? डाग पडतील." बस्स, एवढंच. त्या दिवसापासून त्या आमच्या शरयूताई झाल्या. तेव्हा मला कळलं नव्हतं, पण त्यांची पाहायची रीतच ती होती. समोर जी वस्तू आहे ती कशाची आहे, तिला कशाचा धोका आहे, हे त्या आधी पाहायच्या. बाकीचं पाहायला त्यांना सवड नसे.

शहरातल्या एका संग्रहालयात, कापडांच्या विभागात, त्यांची सगळी नोकरी झाली. संग्रहालयाचं नाव लिहीत नाही. जुनी कापडं धुणं, वाळवणं, त्यांना अस्तर लावणं, कसर लागू न देणं, हे त्यांचं काम होतं. एका रविवारी त्यांनी आम्हा दोघांना तिथं नेलं आणि थेट एका काचेसमोर उभं केलं. आत एक सुती पडदा होता, माणसाच्या दीडपट उंचीचा. गोवळकोंड्याच्या राज्यात, समुद्रकिनाऱ्यावरच्या कुठल्याशा गावात, कलमानं रंगवलेला. छापलेला नव्हे, हातानं काढलेला. त्यात तीन गोरी माणसं होती. आपल्या जुन्या कागदपत्रांत ज्यांना टोपीकर म्हटलंय, ते युरोपातून आलेले व्यापारी. मधला मुख्य दिसत होता. त्याच्यासमोर एक वयस्क बाई गादीवर बसलेली होती, मागं पंखा घेतलेली दासी. मी असलं काही आधी पाहिलं नव्हतं. त्या गोऱ्यांच्या अंगात कोट होते, पण कोटांवर फुलं मात्र आपली, वेलबुट्टीची. डोळे लांबट, आपल्याकडच्या चित्रांत असतात तसे. एक तर चक्क मांडी घालून बसला होता, आणि त्याच्या बुटांचं काय करावं हे न कळल्यामुळे चित्रकारानं ते मांडीखाली कुठंतरी नाहीसे केले होते.

"हसू येतं ना?" ताई म्हणाल्या. "मलाही आलं होतं. मग नीट पाहिलं. ह्या बटणांकडं बघा. प्रत्येक बटणाला वेगळं काज दाखवलंय. ज्यानं हे काढलं त्यानं ह्या लोकांना बहुतेक लांबूनच पाहिलं असणार, बंदरावर वगैरे. त्याच्या घरी थोडेच आले असतील ते जेवायला? पण तो त्यांना हसलेला नाही. जे कळलं ते नीट काढलं, जे नाही कळलं ते आपल्या घरातलं दिलं."

मी विचारलं, कापडाला जागोजागी भोकं का आहेत, आणि ती सगळी काळ्या रंगाच्याच जागी कशी? त्या माझ्याकडं वळून पाहत राहिल्या. पुढं त्यांनीच सांगितलं की हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत फार थोड्यांनी विचारला होता. लाल रंग तुरटीवर चढतो, तो कापडाला काही करत नाही. काळा मात्र लोखंडाचा. लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात आंबवून ते पाणी हिरड्यात भिजवलेल्या कापडावर लावलं की काळंभोर उमटतं. आणि मग ते लोखंड शे-दोनशे वर्षं सावकाश, कुणाला न कळत, कापूस खात बसतं. त्यामुळे अशा पडद्यांवर जे जे काळं ते आधी जातं. केस जातात, भुवया जातात, टोप्या जातात. मला हे एकदम पटलं. लोखंडामुळे काय काय नासतं हे आम्हाला औषधांतही पाहावं लागतं.

"मग मधल्याची टोपी कशी काय इतकी धडधाकट?" मी विचारलं. तिच्यावर कलगी होती, पुढं पिवळी पट्टी होती आणि ती खरोखर झोकदार दिसत होती.

ताईंनी मागं कुणी उभं नाही ना ते पाहिलं. मग म्हणाल्या, "ती माझी आहे."

घरी परतल्यावर चहा पिताना त्यांनी सगळं सांगितलं. त्या नोकरीला नव्या होत्या. कुणी बडे परदेशी पाहुणे संग्रहालय पाहायला यायचे होते. मधल्या माणसाच्या डोक्यावर तेव्हा नुसतं भोक होतं. साहेबांनी बोलावून सांगितलं, "शरयूबाई, मेहमान आ रै. उनके परदादा का सर खाली दिखाना क्या? टोपी बिठाओ." ह्या म्हणाल्या, कशी होती ते मालूम नाही, शेजारच्याच्या टोपीसारखी साधी, रुंद काठाची करू का? तर साहेब म्हणाले, "साब की टोपी और साथवालों की टोपी एक कैसी होती? कुछ शान की बिठाओ." आता शानदार टोपी कुठून आणायची? लग्नसराई होती. त्याच संध्याकाळी गल्लीतून वरात गेली आणि ताईंनी गॅलरीतून बँडमधल्या क्लॅरिनेट वाजवणाऱ्याची टोपी पाहून घेतली. काळी, कलगीची, जरीच्या पट्टीची. कोठीच्या बाजारातून पुडीतला काळा रंग आणला, कोऱ्या कापडावर टोपी रंगवली, चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केली आणि भोकामागं टाक्यांनी बसवली. पाहुणे आले, पाहून गेले. कागदावर नोंद झाली ती फक्त 'मागून अस्तर लावले' अशी.

"आणि काढायची राहिली," दिगंबरराव आतून ओरडले. ते कोर्टातल्या नोकरीतून निवृत्त झालेले, आणि बहिणीला चिडवणं ही त्यांची रोजची करमणूक होती. "साऱ्या शहराला टोपी घातली आमच्या अक्कानं! पुस्तकावर टोपी, पिशवीवर टोपी, कॅलेंडरवर टोपी. एका विद्वानानं तर लिहिलं मियाँ, की कलगीवरून हा माणूस दरबारी हुद्द्याचा दिसतो. अरे, तो काचीगुड्याच्या बँडमधला हो!"

"दिगू, तू चहा पी," ताई म्हणाल्या.

तेव्हा मला ती एक गंमत वाटली होती, आणि खरं म्हणजे ताईंनाही तेवढीच वाटत असावी. वरिष्ठांना त्यांनी दोन-तीनदा सांगून पाहिलं होतं. 'छान दिसते, राहू द्या' असं उत्तर मिळालं होतं. मग त्या निवृत्त झाल्या.

गंमत संपली ती कोठीच्या बसथांब्यावर. संग्रहालयानं जाहिरातीचे मोठे फलक लावले होते आणि त्यावर अर्थातच हा टोपीवाला होता, कमरेपर्यंतचा, घराच्या भिंतीएवढा. मी स्कूटरवरून घरी येत होतो. पाहतो तर ताई भाजीची पिशवी पायाशी ठेवून फलकाकडं तोंड करून उभ्या, आणि बसकडं पाठ. काचीगुड्याची बस त्यांच्या मागून निघून गेली तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. मी स्कूटर लावून गेलो. "ताई, बस गेली की!"

"जाऊ द्या हो बस. इकडं या. ह्याची बोटं बघा."

मी बघितली. बोटं म्हणजे बोटंच होती. त्या माणसाचा उजवा हात पोटाशी वाकलेला होता, आणि हाताच्या पुढं, कोटाच्या रंगात मिसळून गेलेला, जुन्या अस्तराचा मळकट भाग होता.

"अंगठा वर, चार बोटं खाली. मोकळा हात असा असतो का कधी? काहीतरी धरलंय त्यानं. इतकी वर्षं मी ह्याला टेबलावर आडवा ठेवून पाहिला, भिंगातून पाहिला, तेव्हा नाही दिसलं. आणि आता घराएवढा झाल्यावर दिसतंय." त्या फलकाच्या आणखी जवळ गेल्या. "हातापुढं भोक आहे, मिलिंदराव. काळं होतं तिथं काहीतरी. आणि डोक्यावरचं भोक... ते टोपीचं नव्हतं. ते केसांचं होतं. त्यानं टोपी काढून हातात घेतलेली आहे. समोर बाई बसलीय ना वडीलधारी, तिच्यासाठी. आपण मान दाखवायला डोकं झाकतो, हे लोक उघडं करतात. त्या चित्रकारानं ते पाहिलं, त्याला ते कळलं, त्यानं ते काढलं. आणि मी टोपी परत त्याच्या डोक्यावर बसवली."

मला सुरुवातीला ह्यात इतकं काय आहे ते समजेना. घरी येताना स्कूटरवर मागं बसून त्यांनी समजावलं, आणि ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. काचेजवळच्या फलकावर लिहिलेलं होतं की हा परका व्यापारी थोर घरच्या बाईसमोरही टोपी उतरवत नाही, ह्यातून त्याची मग्रुरी दिसते. संग्रहालयातले मार्गदर्शक रोज शाळांच्या मुलांना हेच सांगत. म्हणजे नम्रपणे उभा असलेला एक माणूस मग्रूर ठरला होता, आणि त्याचा नम्रपणा अचूक टिपणारा चित्रकार अडाणी ठरला होता, आणि दोन्ही एका बँडवाल्याच्या टोपीमुळे. "ते दोघंही आता सांगायला येणार नाहीत," ताई म्हणाल्या. "मीच आहे सांगायला. मी गेले की टोपी पक्की झाली."

त्या दिवसापासून त्यांना एकच गोष्ट हवी होती. आपल्या डोळ्यांदेखत ती टोपी उतरावी.

संग्रहालयात तोवर सगळी माणसं बदलली होती. कापडांचा विभाग डॉ. लावण्या नावाच्या तरुण अधिकारी बाईंकडं होता. हुशार, कामाला पक्क्या, बोलायला गोड. ताईंबरोबर मी गेलो होतो. लावण्याबाईंनी उठून खुर्ची दिली, "बैठिए अम्मा" म्हणाल्या, सगळं ऐकून घेतलं. पण ताई बोलत असताना त्यांची नजर अधूनमधून माझ्याकडं वळत होती, आजारी माणसाच्या नातेवाइकाकडं डॉक्टर पाहतात तशी. कागदपत्रांत टोपीचा उल्लेख नव्हता. टोपी बसवण्यापूर्वीचा फोटो सापडत नव्हता. साहेब कधीचे वारले होते. आणि शहरभर मिरवणारी टोपी एका म्हाताऱ्या बाईंच्या आठवणीवर कोण उतरवणार? बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे. मी तिच्या जागी असते तर मीही मला हाकलून दिलं असतं." मग जिन्यात थांबून म्हणाल्या, "पण मजा बघा. इतकी वर्षं माणसं खोटं आपलं नाही म्हणतात आणि त्यांच्यावर विश्वास बसतो. मी माझं खोटं माझं म्हणतेय तर माझ्यावर बसेना."

चिडलो ते मी. रात्रभर नव्हे, मला झोप नीट लागते. पण दुसऱ्या दिवशी कामावर, नेहमीची लोहाची तपासणी पाहत असताना, एकदम लक्षात आलं की ह्यात आठवणीचा प्रश्नच नाही. जुना काळा रंग लोखंडाचा. ताईंचा पुडीतला, बिनलोखंडाचा. मग लोखंड आहे की नाही एवढंच बघायचं. त्यासाठी एक साधा कागद मिळतो. किंचित ओला करून हलकेच टेकवायचा, लोखंड असेल तर तो गुलाबी-लाल होतो, नसेल तर पांढरा राहतो, आणि कापडाला इजा होत नाही. लावण्याबाईंना मी हे लिहून पाठवलं. त्यांनी जाणकारांना विचारलं, खात्री करून घेतली, वरून परवानगी काढली आणि आम्हाला बोलावलं. कागद त्यांनीच लावले. मला हात लावू दिला नाही आणि ते योग्यच केलं. शेजारच्या माणसाच्या टोपीचा काळा काठ शाबूत होता, तिथला कागद लाल झाला. भुवईपाशी लाल. मधल्याच्या झोकदार टोपीवर तीन ठिकाणी लावले. पांढरेच राहिले. आणि शेवटी ताईंनी सांगितलं म्हणून हातापुढच्या भोकाच्या कडेला, जिथं मळकट कापडाखेरीज काहीच दिसत नव्हतं, तिथं लावला. तो सगळ्यात जास्त लाल झाला.

लावण्याबाईंनी तो कागद उजेडात धरून पुन्हा पाहिला. मग ताईंसमोर येऊन त्यांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "सॉरी अम्मा," एवढंच म्हणाल्या. ताई म्हणाल्या, "सॉरी का? तू तपासलंस ना? मग झालं."

पुढचं काम माझ्या आवडीचं होतं. ताईंनी सांगितलं होतं की अशा आकृत्या काढताना कारागीर आधी कागदावर चित्र काढत, रेषांवर सुईनं टोचत आणि कापडावर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटत. म्हणजे एकच टोचलेला कागद दोन-तीनदा वापरता येई. मग हातातली टोपी आणि शेजारच्याच्या डोक्यावरची टोपी एकाच कागदावरून घेतलेली असली तर? लावण्याबाईंनी मापासकट फोटो दिले. मी आमच्या जेवणाच्या टेबलावर भोकाच्या कडेचा उरलेला कंस पारदर्शक कागदावर उतरवला आणि शेजारच्याच्या टोपीच्या काठावर फिरवून फिरवून बसवला. एका जागी तो बसला तो असा, की दोन रेषांची एक रेष झाली. सुजातानं, दिगंबररावांनी, सगळ्यांनी पाहिलं. ताईंनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. दिगंबरराव म्हणाले, "अक्का, साहेबाची आणि साथवाल्याची टोपी एकच निघाली की गं! तुझ्या साहेबाला सांगायला पाहिजे होतं." ताई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

संग्रहालयाच्या समितीत वाद झाला असं ऐकलं. टोपी लोकांच्या आवडीची होती. पण शेवटी लावण्याबाईंनी ते मंजूर करून घेतलं, आणि टोपी काढायच्या दिवशी ताईंना गाडी पाठवली. त्यांना वाटत होतं ताईंनीच आपले टाके उसवावेत. ताईंनी कात्री हातात घेतली, पाहिली आणि परत दिली. "माझा हात आता थरथरतो. तू काढ. मी सांगते कुठून सुरू करायचं." मग त्या शेजारी बसून सांगत राहिल्या, इथं गाठ आहे, ही आत वळवलीय, इथं घाईत दोन टाके एकावर एक पडलेत... आणि ते सगळं तसंच निघत गेलं. एवढ्या वर्षांपूर्वीचे टाके त्यांना पाठ होते. टोपी सुटून बाजूला झाली. खाली भोकाच्या कडेला काळ्या धाग्यांचे दोन-तीन वळसे चिकटून राहिले होते. कुरळ्या केसांची टोकं. आणि कलगी, पट्टी सगळं गेल्यावर तो माणूस एकदम वेगळाच दिसायला लागला. कपाळ मोकळं झालं होतं.

"अगं बाई," ताई म्हणाल्या, "हा तर पोरगा आहे! कोवळा आहे हो अगदी. घाबरलाय बाईंसमोर."

फलकावर काय लिहायचं हे ठरवायला लावण्याबाई ताईंच्या घरी आल्या होत्या. ताईंना तेव्हा दम लागायला लागला होता, जिना चढणं-उतरणं बंद झालं होतं. लावण्याबाईंनी मजकूर वाचून दाखवला : डोक्यावरची टोपी अलीकडच्या काळात जोडलेली होती, ती काढली आहे, मूळ चित्रात व्यापाऱ्यानं टोपी हातात धरली आहे. ताई म्हणाल्या, "हातात बहुधा टोपी आहे, असं लिही."

मी म्हणालो, बहुधा कशाला? लोखंड सापडलं, कंस जुळला, बोटं तशी आहेत. आमच्याकडं एवढ्या पुराव्यावर औषध बाजारात जाईल.

"मिलिंदराव, टोपी कुणी पाहिलीय का? नाही. एकदा मी 'टोपीच असणार' म्हणून टोपी बसवली. आता परत नको. हात आहे, भोक आहे, एवढं दाखवा. बहुधा लिहा आणि लोकांना बघू द्या." आपलं नाव फलकावर घालू नका, असंही ताईंनी तेव्हाच सांगितलं. लावण्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. ह्या वेळी ते पाहणं वेगळं होतं. मी मान हलवली.

ह्या कामासाठी बंद ठेवलेलं दालन पुन्हा उघडायच्या आधी ताई गेल्या. पण टोपी उतरलेली त्यांनी पाहिली, ह्याचं समाधान मला फार आहे. त्यांच्याकडून मला काय काय मिळालं ह्याचा हिशेब मांडायचा प्रयत्न मी केला, तो काही जुळत नाही. आम्ही ह्या शहरात परके म्हणून आलो होतो, आणि आमच्या दारासमोर असं माणूस होतं की ज्याला समोरचं नीट पाहिल्याशिवाय त्याच्याबद्दल काही ठरवायचंच नसे. आणि ठरवलेलं चुकलं तर ते उसवायची तयारी असे. अशी माणसं किती भेटतात? मला एक भेटली, समोरच्याच दारात. एवढं पुष्कळ झालं.

गेल्या रविवारी मी, सुजाता आणि दिगंबरराव दालन पाहायला गेलो. पडदा नव्या दिव्यांत होता. मधल्याच्या डोक्यावर आणि हातापुढं साधं, न रंगवलेलं कापड, कुठं काही लपवलेलं नाही. आम्ही मागं बाकावर बसलो. रविवार असल्यानं गर्दी होती. एक जोडपं बराच वेळ काचेपुढं उभं होतं. बुरख्यातल्या बाई फलक वाचून नवऱ्याला सांगत होत्या, "हाथ में शायद टोपी है, लिखे."

"शायद क्या कू लिखे?" तो माणूस काचेला नाक लावून म्हणाला. त्या कोऱ्या कापडाकडं बोट दाखवत, अगदी ठामपणे म्हणाला, "साफ दिख रई ना टोपी. उतार को सलाम कर रा वो."